ऑइल पिणारी गाडी

कोचकोर गावचा बाजार संपला की नारिन शहराकडे जाणारा रस्ता मोकळ्या शेतांमध्ये शिरतो. त्या वळणावर एसेनकुलचं गॅरेज होतं. एक गंजका लोखंडी कंटेनर, त्याला चिकटून विटांची शेड, आणि शेडच्या मागच्या दारातून पाऊल टाकलं की थेट घराचं अंगण. पूर्वी तो सामुदायिक शेतीच्या ट्रॅक्टरांवर काम करायचा. शेती मोडली, ट्रॅक्टर भंगारात गेले, पण हात शाबूत राहिले. डोलोनचा घाट उतरून येणाऱ्या गाड्यांचं काहीतरी दुखायचंच, आणि ती दुखणी त्याच्या दारात येऊन थांबायची.

माणूस भला होता. दारू नाही, भांडण नाही, बोलणंही मोजकंच. फक्त एक गोष्ट त्याच्या रक्तातच होती. बायकोनं, म्हणजे बुरुलनं, दुसऱ्या कुणाचं काही वाखाणलं की याला ते खुपायचं. मुकाट्यानं कामाला लागायचा. एकदा शेजाऱ्यानं नवं फाटक बसवलं आणि बुरुल सहज म्हणाली की छान दिसतंय. दुसऱ्याच दिवशी एसेनकुलनं पत्रे आणले, वेल्डिंगचं यंत्र बाहेर काढलं आणि असं काही फाटक उभं केलं की त्यापुढे शेजाऱ्याचं फाटक खेळण्यातलं वाटावं. ते इतकं जड झालं की बुरुलला आजही खांदा लावून ढकलावं लागतं. पण शेजाऱ्याच्या फाटकाचं नाव त्या घरात पुन्हा निघालं नाही.

फाटकं, कुंपणं, शेजारपाजारचे घोडे, हे सगळं चिल्लर होतं. खरा काटा होता तोलोगोन.

तोलोगोन बुरुलच्या माहेरचा, आत-बाशीचा. दोघांची घरं एकाच गल्लीत. कुळं वेगळी असल्यामुळे सोयरीक जमण्यासारखी होती, आणि जमतही आली होती. हे एसेनकुलला कळलं ते ऐन लग्नाच्या दिवशी. मांस वाढता वाढता बुरुलची एक आत्या दुसरीला सांगत होती, "या पोरीच्या कानात तोलोगोनच्या आईच्या कुड्या पडायच्या होत्या गं. आणूनसुद्धा ठेवल्या होत्या बिचारीनं." तिकडे कानात कुड्या घातल्या की मुलगी ठरली. त्या कुड्या घातल्या गेल्या नाहीत, बुरुलच्या बापानं कोचकोरचं स्थळ पसंत केलं, आणि बुरुल इकडे आली. आत्या बोलून विसरून गेली असेल. एसेनकुल विसरला नाही. दोन मुली झाल्या, वाढल्या, लग्न होऊन बालीकचीला गेल्या, याच्या दाढीत पांढरे केस आले, तरी त्या कधीच न पाहिलेल्या कुड्या याच्या डोळ्यांसमोर लटकत राहिल्या.

तरी तोलोगोन घाटापलीकडे होता तोवर ठीक होतं. मग त्याची बायको वारली. घरात बसवेना म्हणून त्यानं मेंढ्या विकून एक जुनी जपानी व्हॅन घेतली आणि आत-बाशी ते बिश्केक अशी माणसं ने-आण करायला सुरुवात केली. गाडी दिसायला बरी, पण ऑइल पीत होती. घाट चढताना मागे निळा धूर सोडत यायची, आणि कोचकोरला पोहोचेपर्यंत ऑइलचा लाल दिवा लागलेला असायचा. कोचकोरला पोहोचणं म्हणजे एसेनकुलच्या दारात पोहोचणं.

एसेनकुल बॉनेट उघडायचा, ऑइल मोजायची कांडी पुसून पाहायचा आणि ऑइल ओतायचा. काम तेवढंच. पण तोवर उतारू पाय मोकळे करायला पांगलेले असायचे आणि तोलोगोन हात धुऊन मागच्या दारानं अंगणात शिरलेला असायचा. "बुरुल, चहा आहे का गं?" असा त्याचा मोठा, घाटात घुमावा तसा आवाज यायचा. चहा असायचाच. बरोबर बोरसोक, म्हणजे ताजे तळलेले कणकेचे फुगीर तुकडे, आणि घट्ट साय असायची. आणि मग बुरुलचं हसणं ऐकू यायचं.

बॉनेटपाशी उभं राहिलं की मागच्या दारातून अंगणातल्या टेबलाचा अर्धाच भाग दिसायचा. तोलोगोनचं कोपर आणि बुरुलचा किटली धरलेला हात. तेवढ्यावर एसेनकुल पूर्ण चित्र रंगवायचा. त्याचं सगळ्यात जास्त लक्ष असायचं चहाच्या वाटीकडे. पाहुण्याला वाटी अर्धीच भरून द्यायची, म्हणजे तो पुन्हा मागेल, बसेल, अशी तिकडची रीत. काठोकाठ भरली तर त्याचा अर्थ, प्या आणि निघा. ही रीत त्यालाही ठाऊक होती, पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असते. तरीही तोलोगोनची वाटी दर वेळी अर्धी भरलेली पाहून, आणि संध्याकाळी आपल्यासमोर आलेली काठोकाठ भरलेली पाहून, त्याच्या अंगाची लाही लाही व्हायची. नवऱ्याला कोण अर्धी वाटी देतं, हे त्याला समजत होतं. पण समजून काही उपयोग नव्हता.

त्यात तोलोगोन त्याला 'दाजी' म्हणायचा. बुरुल गावची म्हणून बहीण, बहिणीचा नवरा म्हणून दाजी. "दाजी, ऑइल जरा जास्तच घाला हो आज, वजन आहे गाडीत." एसेनकुल मान हलवायचा आणि मनात म्हणायचा, जिला बायको करणार होतास ती आता बहीण झाली होय रे.

ऑइल का जातं हे तो पहिल्याच दिवशी ओळखून होता. पिस्टनच्या रिंगा काजळीनं चिकटल्या होत्या. रिंगांनी सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली खरवडायचं असतं. त्याच जाम झाल्या की ऑइल वर चढतं, पेट्रोलबरोबर जळतं, त्याची आणखी काजळी होते, आणि त्या काजळीनं रिंगा आणखी चिकटतात. इंजिन खोलून रिंगा बदलणं हाच उपाय, असं तो तोलोगोनला सांगून थकला होता. तोलोगोन हसून म्हणायचा की इंजिन खोललं की गाडी महिनाभर उभी राहणार, तोवर उतारू दुसऱ्या गाडीला लागणार. त्यापेक्षा ऑइल ओतलेलं बरं. शिवाय इथला चहा मिळतो.

शिवाय इथला चहा मिळतो. हे वाक्य एसेनकुलच्या डोक्यात ठाण मांडून बसलं.

मग एकदा सामान आणायला तो बालीकचीला गेला असताना तिथल्या एका ओळखीच्या मेकॅनिकनं सांगितलं की हल्ली तो इंजिन न खोलताच रिंगा सोडवतो. औषधाच्या दुकानात सांधेदुखीवर चोळायला एक पातळ औषध मिळतं, ते प्लगच्या भोकांतून पिस्टनवर ओतायचं, इंजिन गरम ठेवायचं आणि काजळी भिजू द्यायची. एसेनकुलचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. औषध पाजून इंजिन बरं करायचं म्हणजे ताईत बांधून तुटलेला पाय जोडायचा, असं तो म्हणत आला होता. पण परतीच्या वाटेवर, तलावाच्या कडेकडेनं येताना, त्याच्या मनात दोन गोष्टी एकमेकींना येऊन मिळाल्या. तोलोगोन थांबतो तो गाडी ऑइल पिते म्हणून. गाडीनं ऑइल पिणं सोडलं तर तोलोगोनचं चहा पिणं सुटेल.

आयुष्यात कुठल्याही गिऱ्हाइकाच्या गाडीचा त्यानं इतका विचार केला नव्हता. त्यानं एका भंगार इंजिनावर औषध करून पाहिलं. इंजिनाखालचा ऑइलचा चेंबर आतून रंगवलेला असला तर हे औषध रंगाचे पापुद्रे सोलून काढतं आणि त्या पापुद्र्यांनी ऑइलची जाळी तुंबते, हेही त्याला त्यातूनच कळलं. थंडीत औषध गोठतं हे कळलं. हातमोजे नसले तर कातडी भाजते हे तर चांगलंच कळलं. तयारी झाल्यावर तो कोचकोरच्या औषधाच्या दुकानात गेला आणि असतील तितक्या बाटल्या मागितल्या. दुकानातल्या बाईनं विचारलं, इतकं कुणाचं काय दुखतंय? एसेनकुलला खोटं सुचेना आणि खरं सांगायची इच्छा नव्हती. तो म्हणाला, "तोलोगोनसाठी."

कोचकोरमध्ये बातमीला पाय लागतच नाहीत, ती आधीच पोहोचलेली असते. संध्याकाळी बुरुल म्हणाली, "तोलोगोनचे गुडघे इतके दुखतात आणि मला बोलला नाही कधी." दुसऱ्या दिवसापासून तिच्या हातात उंटाच्या लोकरीचं विणकाम दिसू लागलं. जाड, उबदार, नळकांड्यासारखे दोन पट्टे होते. कुणाच्या गुडघ्यांसाठी, हे त्यानं विचारलं नाही. त्याचे स्वतःचे गुडघे थंड फरशीवर बसून बसून खरोखरच दुखत होते, पण ते आता सांगायची सोय राहिली नव्हती.

तोलोगोन पुढच्या खेपेला आला तेव्हा एसेनकुलनंच होऊन म्हटलं की गाडी ठेवून जा, इंजिन न खोलता काम करतो, उद्या दुपारी ने. मजुरी नको.

"मजुरी का नको, दाजी?"

"तू बुरुलच्या गावचा ना," एसेनकुल म्हणाला. हे वाक्य त्यानं आधीच तयार करून ठेवलं होतं.

तोलोगोन हेलावला आणि त्यानं दोन्ही हातांत एसेनकुलचा तेलकट हात धरला. उतारूंना त्यानं दुसऱ्या गाडीत बसवून दिलं. आणि मग एसेनकुलच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो आहोत. उद्या दुपारपर्यंत गाडी इथे राहणार, म्हणजे गाडीवालाही इथेच राहणार. कोचकोरला त्याचं दुसरं कोण होतं?

हिवाळा सरत आला होता, पण शेतांत बर्फ होता. एसेनकुलनं शेडमधली शेगडी कोळशानं भरली. आधी ऑइलचा चेंबर खाली उतरवला. आतून रंग होताच. तो त्यानं खरवडून खरवडून काढला, कोपऱ्यांतूनही काढला. एक पापुद्रा राहिला तरी जाळी तुंबणार, जाळी तुंबली की गाडी परत येणार. तोलोगोन दिवा धरून शेजारी उकिडवा बसला होता आणि बोलत होता. बायकोच्या आजारपणाबद्दल बोलला, रिकाम्या घरात पहाटे शेगडी पेटवताना कसं वाटतं ते बोलला. एसेनकुल हं हं करत होता. त्याला त्या माणसाची दया येऊ लागली होती आणि त्याचा त्याला राग येत होता.

चेंबर परत बसवून त्यानं इंजिन चालवून चांगलं तापवलं, प्लग काढले, चारही पिस्टन मधोमध एका पातळीत आणले आणि औषध ओतलं. शेडभर लसणासारखा उग्र वास पसरला. आता ऊब टिकवायला हवी होती. त्यानं बुरुलला हाक मारून थापलेल्या लोकरीची जुनी जाडी-भरडी फेल्टं मागितली. ती आली ती खांद्यावर नवाकोरा शिरदाक घेऊन. लोकर थापून, तांबड्या-काळ्या वेलबुट्टीचे तुकडे शिवून केलेला तो गालिचा तिनं सबंध हिवाळाभर शिवला होता.

"हा कशाला?" एसेनकुल म्हणाला.

"जुनी ओली आहेत. ती ऊब धरणार नाहीत. घ्या, ऑइल लागलं तर धुऊन काढीन."

एसेनकुलनं तो शिरदाक घेतला आणि तोलोगोनच्या इंजिनावर पांघरला. त्याच्या स्वतःच्या गाडीवर तिनं आजवर गोणपाटसुद्धा टाकलं नव्हतं.

मग सुरू झालं ते वाट पाहणं. औषध नुसतं ओतून भागत नाही. थोड्या थोड्या वेळानं पाना लावून इंजिन किंचित पुढे, किंचित मागे हलवावं लागतं, म्हणजे औषध रिंगांच्या फटींत शिरतं. शेगडी विझू द्यायची नाही. म्हणजे शेड सोडून जाता येत नाही. तिकडे घरात बुरुलनं ओरोमो वाफवायला ठेवला होता. मांस, बटाटा आणि कांदा भरलेल्या त्या गुंडाळीचा वास लसणाच्या वासातून वाट काढत येत होता. तिनं जेवायला बोलावलं. एसेनकुल म्हणाला, काम सोडता येत नाही. तिनं ताटली इथेच आणून दिली आणि ती परत गेली. थोड्या वेळानं हसणं ऐकू आलं. मग काहीच ऐकू येईना, आणि ते जास्त वाईट होतं.

ताटलीतलं अन्न थंड होत गेलं. त्यानं ठरवलं की पुरे झालं. औषध आत्ताच उपसून काढायचं, प्लग लावायचे, गाडी चालू करायची आणि याला वाटेला लावायचं. त्यानं शिरदाक बाजूला केला, पाना उचललासुद्धा. बारीक बॅटरीनं भोकातून आत पाहिलं. औषध काळं होऊ लागलं होतं, पण पिस्टनच्या कडेची काजळी अजून खरपुडीसारखी घट्ट होती. अर्धवट भिजलेल्या रिंगा अर्धवटच सुटतील. महिनाभर गाडी बरी चालेल आणि मग पुन्हा निळा धूर, पुन्हा लाल दिवा, पुन्हा 'बुरुल, चहा आहे का गं'. त्यानं पाना खाली ठेवला, शिरदाक नीट दाबून पांघरला आणि शेगडीत कोळसे घातले. त्या रात्री तो शेडमध्येच स्टुलावर बसून राहिला. घरात काय झालं असेल तर इतकंच, की तोलोगोन पाहुण्यांच्या खोलीत दणदणीत घोरत होता आणि ते अंगणापर्यंत ऐकू येत होतं.

सकाळी त्यानं सिरिंजला नळी जोडून औषध उपसलं. पातळ डांबर निघावं तसं निघालं. प्लगच्या भोकांवर फडकी धरून स्टार्टर मारला, तेव्हा फडक्यांवर काळे ठिपके उडाले. प्लग बसवून गाडी सुरू केली तसा पांढरा-निळा धूर इतका उठला की समोरच्या घरातली म्हातारी आग लागली समजून बादली घेऊन आली. धूर हळूहळू विरळ झाला, मग दिसेनासा झाला. इंजिनचा आवाजच बदलला. एसेनकुलनं कितीतरी वेळ सायलेन्सरमागे हात धरून पाहिलं, हात कोरडा राहिला. घाण झालेलं ऑइल काढून त्यानं नवं ऑइल, नवं फिल्टर घातलं. काम झालं होतं आणि फार सुंदर झालं होतं. क्षणभर तो सगळं विसरून नुसता उभा राहिला.

तोलोगोन निघताना बुरुलनं ते लोकरीचे पट्टे त्याच्या हातात दिले. त्याला काही समजेना, पण त्यानं मानानं घेतले. एसेनकुलनं त्याला बजावलं की आता इथे थांबायची मुळीच गरज नाही, गरम इंजिन उगाच बंद करू नकोस, सरळ जात जा.

तोलोगोन आज्ञाधारक निघाला. पुढच्या खेपेला त्यानं वेग थोडा कमी केला, दोनदा हॉर्न वाजवला, खिडकीतून ऑइलची कांडी उंच धरल्यासारखा हात दाखवला आणि तो निघून गेला. मागे धुराची रेघही नव्हती. एसेनकुलला वाटलं, तीस वर्षं बुटात रुतलेला खडा निघाला.

हे सुख फार टिकलं नाही. दोनदा हॉर्न वाजला की बुरुलचा हात जिथे असेल तिथे थांबायचा. कणीक मळताना थांबायचा, सुई ओवताना थांबायचा. अंगणातलं हसणं बंद झालं होतं आणि त्या जागी काहीही आलं नव्हतं. पूर्वी अर्धं टेबल तरी दिसायचं, आता काहीच दिसत नव्हतं. न दिसणाऱ्या गोष्टीवर एसेनकुलचं डोकं दुप्पट वेगानं चालू लागलं. त्यातच त्याच्या लक्षात आलं की तोलोगोनच्या फेरीच्या दिवशीच बुरुलला बाजारात काम निघतं. जाताना तिच्या हातात गाठोडं असतं आणि येताना वेगळीच पिशवी.

एका मंगळवारी तो तिच्या मागोमाग गेला. गाड्या थांबतात त्या जागी, तिकिटाच्या टपरीआड उभा राहिला. तोलोगोनची व्हॅन आली. बुरुलनं खिडकीतून गाठोडं आत दिलं. तोलोगोननं तिला कापडी पिशवी दिली आणि काहीतरी सांगू लागला. ती खिडकीच्या कडेवर हात ठेवून ऐकत होती. मग डोक्यावरच्या रुमालाचं टोक तिनं डोळ्यांना लावलं. हसणं एसेनकुलला सहन झालं असतं. रडणं म्हणजे फार खोलवरचं काहीतरी.

तो आधी घरी पोहोचला आणि टेबलाशी बसला. ती आली, त्याला तिथे भलत्या वेळी बसलेलं पाहून दारातच थांबली.

"पिशवीत काय आहे?" त्यानं विचारलं.

तिनं पिशवी टेबलावर उलटी केली. सुकवलेल्या दह्याचे पांढरे गोळे टेबलभर घरंगळले.

"आईनं पाठवलेत," ती म्हणाली. "गाठोड्यात तिच्यासाठी लोकरीचे मोजे होते आणि औषध होतं. अजून काय विचारायचंय?"

काही वर्षांपूर्वी सासऱ्याच्या मर्तिकाच्या जेवणात मेहुण्यानं एसेनकुलला खालच्या जागी बसवलं होतं आणि मोठ्या जावयाला द्यायचं मानाचं हाड भलत्यालाच दिलं होतं. तो ताटावरून उठला होता आणि पुन्हा त्या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही असं म्हणून आला होता. त्यानं बुरुलला कधी जाऊ नको म्हटलं नव्हतं. फक्त तिनं माहेरचं नाव काढलं की तो उठून शेडमध्ये जायचा. हळूहळू तिनं नाव काढणं सोडलं होतं.

"तिला आता दिसत नाही फारसं," बुरुल म्हणाली. "तोलोगोन तिचा कोळसा आत आणून टाकतो, तिच्यापाशी बसतो. ती त्याला जे जे बोलते ते तो इथे येऊन मला सांगायचा. शिव्या घालते त्यालासुद्धा. म्हणून हसायचे मी. तुम्ही त्याची गाडी अशी काही दुरुस्त केलीत की तो थांबेनासाच झाला. तुम्हीच सांगितलंत ना त्याला, थांबू नको म्हणून?"

"आणि आज रडलीस कशाला?"

"आई विचारत होती, बुरुल जिवंत आहे की तुम्ही माझ्यापासून लपवताय."

शेडच्या बाजूनं कुणीतरी उस्ताद, उस्ताद म्हणून हाक मारली. दोघंही हलले नाहीत. एसेनकुलनं तिथेच थांबायला हवं होतं, पण तीस वर्षांचं ओझं जिभेवर आलं होतं.

"त्या कुड्या," तो म्हणाला.

बुरुलला आधी कळलंच नाही. मग कळलं, आणि ती समोर बसली.

"त्याच्या आईनं आणल्या होत्या. मी घातल्या असत्या. आवडायचा मला तो. बाबा नाही म्हणाले, तुमच्याकडची माणसं आली. वर्षभर वाईट वाटलं असेल. मग मोठी झाली, मग धाकटी, मग कशाला वेळ होता? तुम्ही हे तेव्हाच विचारलं असतंत तर तेव्हाच सांगितलं असतं."

आवडायचा मला तो. एसेनकुलनं ते ऐकून घेतलं. त्याला वाटत होतं की हे शब्द ऐकले तर आपण तिथल्या तिथे मरू. मेला नाही. दुखलं, पण त्या दुखण्याला आता एक ठिकाण होतं. आजवर ते सगळीकडे दुखत असायचं.

रविवारी त्यानं आपली जुनी गाडी काढली आणि बुरुलला घेऊन घाट चढला. आत-बाशीला मेहुणा दारात आला, त्यानं हात पुढे केला, एसेनकुलनं धरला, दोघांनीही दुसरीकडे पाहिलं. म्हातारी भिंतीला टेकून गादीवर बसली होती. तिनं मुलीचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपून पाहिला आणि कितीतरी वेळ सोडला नाही. मग जावयाकडे वळली आणि म्हणाली, "तोलोगोन सांगत होता तुझ्याबद्दल. हातात फार कसब आहे म्हणे. चांगला मुलगा आहे तोलोगोन. माझ्या पोरांपेक्षा चांगला."

एसेनकुल अंगणात आला. भिंतीला लागून फोडलेल्या लाकडांची रास रचली होती, एकेक लाकूड सारख्या मापाचं, जणू सुतारानं कापलेलं. कुणी फोडली हे त्यानं मेहुण्याला विचारलं. उत्तर त्याला ठाऊकच होतं.

त्यानं अंगरखा काढून कुंपणावर टाकला, कुऱ्हाड उचलली आणि मागच्या बाजूला पडलेले ओंडके पुढे ओढले. तोलोगोननं ते ओंडके बाजूला टाकले होते, कारण ते गाठाळ होते. एसेनकुल एकेका गाठीवर घाव घालत राहिला. थंडीतही त्याच्या पाठीला घाम आला. मेहुणा थोडा वेळ पायरीवर उभा राहून पाहत होता. मग आत जाऊन दोन मुठींची लांब करवत घेऊन आला, सगळ्यात जाड ओंडक्याशी बसला आणि एक मूठ त्यानं एसेनकुलकडे केली. दोघं करवत ओढू लागले. मर्तिकाच्या जेवणाबद्दल त्या दिवशी कुणी बोललं नाही, नंतरही नाही.

दुपारपर्यंत दुसरी रास पहिलीपेक्षा उंच झाली. बुरुल आईचा हात धरून तिला उन्हात घेऊन आली. म्हातारीनं दोन्ही राशींवर हात फिरवून पाहिला. "याची जाड आहेत," ती म्हणाली. "तोलोगोनची बारीक असतात, लवकर पेट घेतात."

बुरुलनं ओठ दाबून धरले. एसेनकुलनं कुऱ्हाड पुन्हा हातात घेतली, आपल्या राशीवरचं पहिलं लाकूड उचलून ठोकळ्यावर उभं केलं आणि त्याचे चार तुकडे करायला सुरुवात केली.